एका आयुष्यात तीन लिपीबदल

कास्पियन समुद्राकाठच्या बाकू शहरात १९२६ साली परिषद भरली. तुर्की कुळातील भाषांनी अरबी लिपी सोडून लॅटिन लिपी घ्यावी, असे तेथे ठरले. लोक लवकर साक्षर व्हावेत, हा हेतू वाईट नव्हता. अझरबैजानात १९२९ साली ती सक्तीची झाली. पण १९४० च्या सुमारास सोव्हिएत सत्तेने तीही काढून रशियन लिपी लादली. १९९१ साली पुन्हा लॅटिन! भाषा तीच, पण आजोबांचे पत्र नातवाला वाचता येईना.

लिपी हा पिढ्यांना जोडणारा साकव आहे. तो वरच्या हुकुमाने मोडू नये. आपल्या घरी देवनागरीतली भजनाची वही असेल, तर आजच नातवाकडून ती मोठ्याने वाचून घ्या.