आधी पत्रा शांत करा

आपल्या नगर जिल्ह्याइतके (आता कागदोपत्री अहिल्यानगर; पण जुनी सवय जात नाही) जीपवर प्रेम करणारे जिल्हे थोडेच असतील. पाथर्डी-शेवगावकडच्या काळ्या-पिवळ्या असोत, अकोले तालुक्यात राजूरहून डोंगरात चढणाऱ्या ट्रॅक्स असोत, नाहीतर हल्ली शनिवार-रविवारी भंडारदऱ्याकडे रांगेने निघणाऱ्या कोऱ्या करकरीत थार असोत; या सगळ्यांची एक तक्रार सारखी असते. चालत्या गाडीत गाणे धड ऐकू येत नाही. आणि त्यावरचा उपायही सगळ्यांचा एकच: आवाज वाढवा. तेवढ्याने भागले नाही की पुढचे स्पीकर काढून मोठे बसवा. माझे म्हणणे असे आहे की हा उपाय मुळातच उलट्या टोकाने सुरू होतो. त्यात पैसे जातात, गाणे सुधारत नाही, आणि कान मात्र जातात.

गाडीतला गोंगाट म्हणजे नेमके काय, ते आधी पाहू. माझी जीप जुनी, एमएम ५४०. तिच्यात प्यूजो कंपनीच्या परवान्यावर इथे बनलेले चार सिलिंडरचे डिझेल इंजिन आहे. अशा इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात. मिनिटाला २४०० फेरे, म्हणजे सेकंदाला ४०, म्हणजे सेकंदाला ८० स्फोट. हा ८० हर्ट्झचा घुमारा नगर-कल्याण रस्त्यावर आळेफाट्यापर्यंत अखंड सोबत करतो. आता गंमत अशी, की तबल्याच्या डग्ग्याचा, पखवाजाच्या आणि ढोलकीच्या खर्जाच्या बाजूचा मुक्कामही साधारण याच परिसरात असतो. इंजिन त्यांना सरळ गिळून टाकते. वरच्या अंगाला ताडपत्रीच्या हुडाची फडफड, वारा आणि जाड नक्षीच्या टायरचा रों-रों आवाज. स, श, ट, फ ही व्यंजने ज्या उंच पट्टीत असतात, ती हा आवाज झाकतो. मग भीमसेनांचा अभंग लावला तरी उरतात ते टाळ! पखवाज इंजिनाने नेला, शब्द वाऱ्याने नेले. गाडीत बसलेला माणूस म्हणतो, ‘स्पीकर भिकार आहेत.’ बिचाऱ्या स्पीकरचा त्यात दोष थोडा.

इथे जरा हिशेब करावा लागेल, तो वाचकांनी सोसावा. आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि ते माप बाजारातल्या किलोसारखे नाही. आवाज ३ डेसिबलने वाढवायचा तर ऍम्प्लिफायरची ताकद दुप्पट करावी लागते, ६ ने वाढवायचा तर चौपट, १० ने वाढवायचा तर दहापट. म्हणजे ५० वॉटच्या जागी ५०० वॉट. उलट, गाडीतला गोंगाटच ६ डेसिबलने खाली आणला, तर ५० वॉटचा ऍम्प्लिफायर २०० वॉटच्या तोडीचे काम करू लागतो. तेही बॅटरीवर ताण न आणता. दुकानात खोक्यावर ‘१००० वॉट’ असे लिहिलेले असते, ते क्षणभराच्या उसळीचे असते. सतत किती मिळेल, तो आकडा आत माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असतो. तो वाचावा, खोक्यावरचा विसरावा.

हे शहाणपण शिकायला आपल्याला लांब जायला नको. नगर हे रणगाड्यांचे गाव. आर्मर्ड कोअरचे केंद्र इथे, संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था इथे, आणि १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालयही इथेच. रणगाड्याच्या पोटात जो कल्लोळ असतो त्यापुढे आपली जीप म्हणजे देवघर. तिथे कमांडरचा हुकूम चालकापर्यंत पोचवायचा असतो. तो पोचवायला कोणी आत मोठा भोंगा बसवत नाही. जवानांच्या कानांवर गाद्यांचे जाड शिरस्त्राण चढवतात, बाहेरचा आवाज अडवतात आणि हवा तेवढाच आवाज कानापाशी नेऊन सोडतात. आधी अडवणे, मग जवळ नेणे. जीपमध्ये कान झाकून गाडी हाकता येणार नाही, हे उघड आहे. पण क्रम तोच ठेवता येतो.

अडवायचे कुठे? निम्मा गोंगाट फुकटात जातो, हे लोकांना सांगितले तर पटत नाही. सायलेन्सरची सैल पट्टी, पाट्यांचे झिजलेले बुश, दाराची ढिली कडी, बॉनेटच्या कडेचे गळून गेलेले रबर, हुडाचे न ताणलेले पट्टे. एक दुपार आणि एक पाना एवढेच त्याला लागते. त्यानंतर इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा पाहावा. वायरी आणि केबली जाण्यासाठी पाडलेली भोके जुन्या गाडीत उघडी पडलेली असतात. रुपयाएवढ्या भोकातून जेवढे इंजिन आत येते, तेवढे अख्ख्या पत्र्यातून येत नाही. तिथे रबरी बुचे बसवावीत. मग बारी पत्र्याची. वर ऍल्युमिनियमचा पापुद्रा असलेली ब्युटाइल रबराची चिकट पट्टी मिळते. ती अख्खा पत्रा मढवायला घेऊ नये. पत्रा वाजवून पाहावा, जिथे डब्यासारखा वाजतो तिथे मधोमध लावावी. पाव ते अर्धा भाग झाकला तरी तो ‘ठण्ण’ऐवजी ‘थप्’ वाजू लागतो. डांबरी पट्टी स्वस्त पडते, पण वैशाखात शेवगावच्या उन्हात तिचा वास सुटतो. आणि खाली तागाचा नमदा अंथरण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. घाटघरच्या एका पावसाळ्यात तो पाणी पिऊन बसतो आणि पत्रा खालून गंजत जातो. पाणी न पिणारा फोम आणि त्यावर रबरी चटई, हे आपल्या हवेला बरे.

एवढे झाल्यावर पुढच्या स्पीकरकडे वळावे. जुन्या जीपच्या दाराला पोकळी नसते. काहींना दारच नसते. म्हणून कारागीर डॅशबोर्डखालच्या पत्र्याला गोल भोक पाडतो आणि स्पीकर गुडघ्यांसमोर लटकवतो. यात दोन घोटाळे होतात. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. मागे बंदिस्त खोके नसेल तर ही मागची हवा कडेने फिरून पुढे येते आणि खर्ज जागच्या जागी खोडून टाकते. दुसरे असे, की उंच पट्टीचे स्वर सरळ रेषेत जातात. ते तुमच्या विजारीवर आपटून तिथेच संपतात. पोटरीला गाणे ऐकवून काय उपयोग?

उपाय साधा आहे. १८ मिलिमीटरच्या वॉटरप्रूफ प्लायवूडची दोन लहान खोकी, सांधे पक्के बुजवलेली, आत थोडा कृत्रिम कापूस भरलेला. ती पायांजवळच्या बाहेरच्या कोपऱ्यांत, समोरच्या बाजूच्या माणसाच्या तोंडाकडे रोखून बसवावीत. उंच स्वरांचे छोटे ट्विटर वेगळे काढून काचेच्या खांबापाशी, कानाच्या पातळीला न्यावेत. स्पीकरचा पडदा कागदी नको, पॉलिप्रॉपिलिनचा हवा. ओढ्यातून गाडी घालायची तर कागद फुगणारच. ऍम्प्लिफायरमध्ये ८०-१०० हर्ट्झच्या खालचे या लहान स्पीकरांकडे जाऊच देऊ नये, ते इंजिनाशी झुंजत उगाच फाटतात. खर्ज हवाच असेल तर सीटखाली एक छोटा बंदिस्त वूफर पुरतो. बॅटरीवरून येणाऱ्या वायरीला बॅटरीपासून फूटभराच्या आत फ्यूज हवाच. खडबडीत रस्त्यावर वायर घासून शॉर्ट झाली तर गाडी पेटते, ही थट्टा नव्हे.

आणि एक परीक्षा, जी फुकट आहे. दोन्ही स्पीकरांना एकेकदा पेन्सिल सेल क्षणभर लावून पाहावा, अधिकची बाजू अधिकच्या टोकाला. दोन्ही पडदे पुढे सरकले पाहिजेत. एकाची वायर उलटी असेल तर एक पुढे ढकलतो आणि दुसरा मागे ओढतो. खर्ज गायब होतो आणि गाणारा माणूस समोर न वाटता कुठेतरी पसरून जातो. मी ज्या गाड्या पाहिल्या, त्यांत असे बरेचदा निघाले. मालक नवे स्पीकर घ्यायला निघालेला असतो आणि रोग निघतो दोन वायरींच्या अदलाबदलीचा.

‘एवढा उपद्व्याप कशाला, दादा? आवाज वाढवला की झाले!’ असे एका काळी-पिवळीवाल्याने मला हसत हसत सांगितले. त्याचा मुद्दा खर्चाचा होता आणि तो खोटा नाही. पण त्याच्याच बाबतीत ही गोष्ट सर्वांत गंभीर आहे. कामाच्या जागेसाठी ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा बऱ्याच ठिकाणी मानतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, असा अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा कडक हिशेब आहे. ९४ डेसिबलला अवघा एक तास उरतो. आधीच घोंघावणाऱ्या गाडीत गाणे त्यावर चढवायचे, तर हा आकडा गाठायला वेळ लागत नाही. नगरहून भंडारदऱ्याला जाणारा हौशी माणूस तीन-चार तासांनी उतरतो आणि कान झटकतो. हा रोज दहा तास त्यातच बसतो. गोंगाटाने जाणारी श्रवणशक्ती आधी जाते ती ४००० हर्ट्झच्या आसपास, नेमकी व्यंजनांच्या वस्तीत. ती गेली की शब्द आणखी पुसट होतात, मग तो आवाज आणखी वाढवतो. आणि व्यावसायिक परवान्यासाठी डॉक्टरचा जो दाखला लागतो, त्यात बहिरेपणाचा प्रश्न असतो.

म्हणून टॅक्सीवाल्याने एकदम सगळे करू नये. सुरुवातीला पाना घेऊन सैल भाग आवळावेत, भोकांना बुचे मारावीत आणि पेन्सिल सेलची परीक्षा करावी. हा खर्च एका दिवसाच्या डिझेलपेक्षा कमी आहे. चिकट पट्टी पुढच्या महिन्यात, खोकी दिवाळीनंतर. ऍम्प्लिफायर बदलायची वेळ बहुधा येणारच नाही. आणि साम्रदच्या बाजूला दगडाधोंड्यांची वाट सुरू झाली, की गाणे बंदच करावे. तिथे टायर घसरताना दगडाचा जो कर्र आवाज येतो, तो चालकाला डोळ्यांच्या आधी कानांनी कळतो.