वय विचारता, तब्येत का विचारत नाही?

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. कमेंटमध्ये भांडायचं असेल तर जरूर भांडा, पण आधी शेवटपर्यंत वाचा.

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझ्या दारातल्या व्हॅनचा फोटो पडला. चार घोड्यांवर उभी, चाकं काढलेली, अंगावर निळी ताडपत्री. खाली एक ओळ : "हे भंगार कधी हलणार?" आणि त्याखाली अकरा अंगठे. त्यातले तीन अंगठे अशा लोकांचे होते जे माझ्याकडून दर महिन्याला पाना-पक्कड उसनी नेतात. असो.

ग्रुपवर मी उत्तर दिलं नाही. इथे देतोय, कारण प्रश्न सोसायटीपुरता नाही. 'जुनं' आणि 'भंगार' हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरायला लागलोय, आणि आता सरकारी नियमसुद्धा तीच भाषा बोलतात.

आधी गाडीबद्दल सांगतो. फोक्सवॅगनची टाइप टू व्हॅन, मॉडेल १९७१. इंजिन मागे, १५८४ सीसी, चार सिलिंडर, दोन डावीकडे दोन उजवीकडे आडवे. रेडिएटर नाही, पाणी नाही, फक्त हवा. जर्मनीत नोकरी करून परतलेले एक इंजिनिअर ती जहाजाने घेऊन आले होते. ते गेल्यावर पाचगणीच्या बंगल्यामागच्या शेडमध्ये ती तेवीस वर्षं उभी होती. २०१९ मध्ये त्यांच्या मुलीकडून मी ती घेतली. ट्रकवर घालून चिंचवडला आणली तेव्हा सीटखालून उंदरांचं अख्खं खानदान बाहेर पडलं.

तेव्हापासून रविवार आणि सुट्ट्या तिच्यातच जातात. "नवीन घे की राव, एवढ्या पैशात" हे मला सगळ्यांनी ऐकवलंय. सासऱ्यांनी दोनदा.

पण या कामात एक गोष्ट शिकलो, ती सांगायलाच ही पोस्ट लिहितोय.

इंजिन पहिल्यांदा खाली उतरवलं तेव्हा आमचे मिस्त्री शेजारी बसून होते. वय ७१, उभी हयात आकुर्डी-चिंचवडच्या गॅरेजांत गेलेली. गिअरबॉक्सला धरणारे चार बोल्ट सोडायचे, केबल-वायरी-नळी काढायची आणि इंजिन जॅकवर घेऊन अलगद खाली. मी खूश. मिस्त्रींनी इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी पेट्रोलची नळी उचलली, वाकवली. वाळक्या शेंगेसारखी तडकली.

"या गाड्या जळतात त्या अशा," ते म्हणाले.

खरंच आहे ते. या इंजिनाचा खोका मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो. नळी फुटून गरम इंजिनावर पेट्रोल सांडलं आणि पेटलं, तर ती आग साध्या पाण्याने विझत नाही. अख्खी गाडी जाते. आणि उपाय काय? काही शे रुपयांची नवी नळी आणि चांगल्या क्लिपा. धोका त्या गाडीच्या ४८ वर्षांत नव्हता, वीतभर नळीत होता.

दुसरी गोष्ट. इंजिनाभोवतीचे पत्रे गायब होते. कुठल्या तरी गॅरेजमध्ये कुणी तरी काढून टाकले होते. का? "इंजिनाला हवा लागावी म्हणून!" हवेवर थंड होणारं इंजिन, मग उघडं ठेवलं की जास्त हवा, हा साधा हिशोब. पण तो चुकीचा आहे. पंखा हवा ओढतो आणि हे पत्रे ती हवा सिलिंडरच्या पाकळ्यांवरूनच जाईल अशी वाट काढून देतात. पत्रे काढले की हवा वाटेल तिकडे जाते आणि सिलिंडर तापतात. इंजिनाच्या खोलीभोवती एक रबरी पट्टी असते, खालची तापलेली हवा वर येऊ नये म्हणून. तीही नव्हती. म्हणजे इंजिन स्वतःचीच गरम हवा परत गिळत होतं.

पत्रे पुण्यात जुन्या बाजारात मिळाले नाहीत, नाना पेठेत मिळाले नाहीत. काही बाहेरून मागवले, दोन भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये कागदी साच्यावरून बनवून घेतले. आज ती व्हॅन मे महिन्यात अर्धा तास चालू ठेवली तरी तापत नाही.

सांगायचा मुद्दा हा की गाडी तीच, वय तेच. २०१९ मध्ये ती रस्त्यावर आणली असती तर जीवघेणी होती. आज नाही. फरक वयाने पडला नाही, कामाने पडला.

आता नियमांकडे या.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. कारसाठी त्याची फी आधी ६०० रुपये होती. एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनं वीस वर्षांवरच्या कारसाठी १०,००० केली. परदेशातून आलेल्या चारचाकीला ८०,०००. वर आपल्या राज्याचा पर्यावरण कर वेगळा.

मला फीबद्दल तक्रार नाही. रस्ता वापरतो, पैसे भरू. पण हा आकडा ठरवताना विचारलं काय जातं? फक्त वय. गाडी फिटनेसला झकास पास झाली तरी १०,०००. कशीबशी पास झाली तरी १०,०००. आजोबांना दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी नाडी बघितली, बीपी बघितलं, म्हणाले सगळं ठणठणीत आहे, आणि बिलावर लिहिलं, "वय झालंय, दुप्पट द्या." असा हा प्रकार आहे.

सरकारने स्वतःच्या गाड्यांनाही हेच लावलंय. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालूच राहत नाही, थेट मोडीत. चालते कशी, किती फिरली, कुणी विचारत नाही.

प्रदूषणाचा मुद्दा मी टाळणार नाही. माझी व्हॅन कार्बोरेटरवर चालते, तिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही. एका किलोमीटरला नव्या बीएस-सिक्स गाडीपेक्षा ती जास्त घाण हवा सोडते. हे खरंय आणि हे लपवणारा जुन्या गाड्यांचा शौकीन खोटं बोलतोय. काळा धूर ओकत रोज शंभर किलोमीटर पळणारी गाडी रस्त्यावरून गेलीच पाहिजे, त्यात माझं दुमत नाही.

पण मग फी लावा धुरावर, फिरण्यावर. वयावर कशाला? मी १०,००० भरले की ८०,०००, सायलेन्सरमधून बाहेर येणारी हवा तीच राहणार ना? आणि अशा फीला घाबरतो कोण? कागदपत्रं नीट ठेवणारा, पीयूसी काढणारा, गाडी जपणारा माणूस. ज्याला काहीच पडलेली नाही तो नूतनीकरणाला जातच नाही. तो तसाच फिरतो. म्हणजे नियम पकडतो त्याला, जो आधीच नियमात आहे.

आता यातली खरी गंमत.

२०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ स्वरूपात ठेवलेली गाडी म्हणजे व्हिंटेज. नव्या नोंदणीची फी २०,०००, दहा वर्षांसाठी. नंतर ५,०००. रोजच्या वापराला आणि धंद्याला बंदी, प्रदर्शन-रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेता येते. चांगला नियम आहे. माझी व्हॅन १९७१ ची, म्हणजे मी त्यात बसतो. स्वतःपुरतं बघायचं तर मी गप्प बसायला हवं.

पण हिशोब करा. पन्नाशी गाठलेल्या गाडीला तुम्ही वारसा म्हणता, हार घालता. पन्नाशी गाठायची तर आधी तिशी-चाळिशी पार करावी लागते की नाही? आणि नेमक्या त्याच तीस वर्षांत तुम्ही तिला म्हणता, म्हातारी झालीस, दंड भर नाही तर मोडीत जा. मग २०४० मध्ये व्हिंटेज कोण होणार? पहिल्या पिढीच्या मारुती ८००, प्रीमियर पद्मिनी, मॅटॅडोर? त्या भट्टीत वितळून गेलेल्या असतील. उरतील फक्त त्यांच्या गाड्या, ज्यांच्याकडे बंद गॅरेज आहे, ड्रायव्हर आहे आणि फी भरायला सीए आहे.

आणि याहून वाईट एक गोष्ट आहे.

आमच्या मिस्त्रींच्या गॅरेजमागे एक तीनचाकी टेम्पो उभा आहे. हॅन्सीट. त्यांनी तो स्वतः चालवला, त्याच्यावर दोन मुलींची लग्नं केली. आपण मालवाहू गाडीला सर्रास 'टेम्पो' म्हणतो ना, तो शब्द मराठीत आला तो या गाडीमुळे. टेम्पो हे हॅम्बुर्गच्या विडाल कंपनीच्या गाड्यांचं नाव. १९५८ साली फिरोदियांनी त्यांच्याशी करार करून बजाज टेम्पो सुरू केली, पुढे कारखाना आकुर्डीत आला आणि मंडईपासून मार्केट यार्डापर्यंतचा माल या तीन चाकांवर फिरला. योगायोग बघा, त्याच विडाल कंपनीने १९४९ मध्ये जर्मनीत पहिला मॅटॅडोर काढला तेव्हा त्यात फोक्सवॅगनचंच हवेवर थंड होणारं इंजिन होतं. पुढे फोक्सवॅगनने स्वतःची व्हॅन काढली आणि इंजिन देणं बंद केलं. म्हणजे माझी व्हॅन आणि मिस्त्रींचा टेम्पो यांचं लांबचं नातं आहे.

मी उत्साहाने म्हटलं, "मिस्त्री, माझी झाली की तुमचा टेम्पो करू. व्हिंटेज म्हणून नोंदवू."

मग नियम नीट वाचला. व्याख्येत दुचाकी आहे. चारचाकी आहे. तीनचाकी नाही.

त्यांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "बरोबर आहे. त्यात राजे कुठं बसायचे?"

मला हसू आलं नाही. हॅनोव्हरला बनलेली माझी व्हॅन भारताचा वारसा होऊ शकते. पाच किलोमीटरवर आकुर्डीत बनलेला, या शहराच्या पोटाला घालणारा टेम्पो होऊ शकत नाही. ज्यात साहेब बसला तो वारसा, ज्याने कांद्याची पोती वाहिली ते भंगार. हे कुणी मुद्दाम लिहिलंय असं मी म्हणत नाही. कुणाच्या लक्षातच आलं नाही, हे जास्त वाईट आहे.

आता मागण्या. साध्या आहेत.

एक. नूतनीकरणाची फी तपासणीच्या निकालाला जोडा. ब्रेक, धूर, चासिस, दिवे. चांगली पास झाली तर फी कमी, काठावर पास झाली तर जास्त, नापास तर दुरुस्त करून आणा नाही तर मोडीत काढा. यंत्रावर चालणारी तपासणी केंद्रं उभी करताय ना? मग त्या यंत्राचं ऐका.

दोन. तीस ते पन्नास या वयासाठी मधला वर्ग करा. जर्मनीत तीस वर्षं झालेल्या, मूळ स्वरूपातल्या, चांगल्या स्थितीतल्या गाडीला वेगळी 'एच' पाटी मिळते आणि वर्षाला ठरलेला एकच कर लागतो. स्थिती तपासूनच, फुकट नाही. आपण त्यावर वर्षाच्या किलोमीटरची मर्यादा घाला. मी वर्षाला ६०० किलोमीटरवर सही करायला तयार आहे.

तीन. व्हिंटेजच्या व्याख्येत तीन चाकं घ्या. काम करणाऱ्या गाड्यांनाही वारशात जागा द्या.

आपल्या खासदारांना, आमदारांना हे विचारा. परिवहनमंत्र्यांना टॅग करा. पुणे-पिंपरी-चिंचवडने तर हे आधी मागायला हवं. गाड्या बनवून मोठं झालेलं शहर आहे हे. गाड्या दुरुस्त करणारे हात इथे जेवढे आहेत तेवढे फार थोड्या ठिकाणी असतील, आणि ते हात आता सत्तरीत आहेत. मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये शिकायला आलेला शेवटचा पोरगा चार वर्षांपूर्वी डिलिव्हरीच्या कामाला लागला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. जुनं दुरुस्त करणं म्हणजे मूर्खपणा, असं आपणच त्याला सांगितलं.

सोसायटीच्या ग्रुपसाठी : इंजिन पुढच्या महिन्यात बसेल. ताडपत्री तेव्हा निघेल. आवाजाचा त्रास झाला असेल तर मनापासून माफी, यापुढे ग्राइंडर फक्त सकाळी दहा ते एक. आणि ज्यांनी अंगठे दिले त्या अकरा जणांना पहिली चक्कर माझ्याकडून. आठ-आठ जण बसतील, दोन फेऱ्या होतील.

मिस्त्रींचा टेम्पो मात्र आम्ही करणारच आहोत. नोंदणी होवो न होवो. पटलं तर शेअर करा.