शृंगार आमचा, लाज मात्र उसनी

महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाशी जोडलेली एक हकीकत तमाशाच्या इतिहासात सांगितली जाते. 20 मार्चला महाडात होणाऱ्या भाषणांत मात्र ती क्वचितच ऐकू येते. शाहीर पठ्ठे बापूराव, म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, त्या काळी आपल्या फडासह मुंबई गाजवत होते. ब्राह्मणाने जात सोडून तमाशा धरला आणि महार समाजातील पवळाबाई त्यांच्या फडाची नायिका झाली. त्यापायी स्वजातीयांनी त्यांना वाळीत टाकल्याप्रमाणे वागवले. या बापूरावांनी आपल्या खेळांचे उत्पन्न सत्याग्रहासाठी देऊ केले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते नाकारले. आपल्या समाजाच्या स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा या कार्याला नको, असे त्यांचे म्हणणे होते.

या नकाराचा अर्थ लावताना दोन टोकांची मंडळी दोन सोयीस्कर चुका करतात. नाच हीच मुळात हलकी गोष्ट आणि बाबासाहेबांनी त्यावर शिक्कामोर्तब केले, असे एकाचे मत. बाबासाहेबांना लोककलेचे मर्म कळले नाही, असे दुसरा खासगीत कुजबुजतो. वास्तविक त्यांचा रोख स्वच्छ होता. डिसेंबर 1927 मध्ये याच महाडात त्यांनी स्त्रियांची वेगळी सभा घेतली आणि जातीची खूण सांगणारी लुगड्याची पद्धत व दागिने टाकून द्या, असे त्यांना बजावले. जून 1936 मध्ये परळच्या दामोदर ठाकरसी सभागृहात कामाठीपुऱ्यातील स्त्रियांपुढे, वाघ्या-मुरळी-जोगतिणींपुढे ते याच पोटतिडकीने बोलले. जन्माने ठरवलेली, पुरुषांच्या खिशावर चालणारी आणि नाकारण्याची मुभा नसलेली रीत त्यांना मोडायची होती. कला आणि सक्ती यांतील हा भेद जो समाज करत नाही, तो कलेलाही मुकतो आणि सक्तीही चालू ठेवतो. आपण गेली पाऊणशे वर्षे नेमके हेच करत आलो आहोत.

स्वातंत्र्य मिळते न मिळते तोच मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली आणि पुढे अटी लादून ती उठवली. 2005 मध्ये राज्य सरकारने डान्स बारवर बंदी आणली. त्या कायद्यात तारांकित हॉटेले आणि जिमखाने यांना सूट होती! म्हणजे ज्याच्या खिशात थोडे, त्याच्यासमोरचा नाच अश्लील, आणि ज्याच्या खिशात पुष्कळ, त्याच्यासमोरचा तोच नाच सांस्कृतिक. हा पंक्तिप्रपंच न्यायालयात टिकणार नव्हताच. 2006 मध्ये उच्च न्यायालयाने आणि 16 जुलै 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. 2016 मध्ये नवा कायदा झाला आणि जानेवारी 2019 मध्ये त्याच्याही अनेक अटी सर्वोच्च न्यायालयाने रद्द किंवा सैल केल्या. राजकीय रंग कोणताही असो, सरकारांना बंदीपलीकडे काही सुचले नाही, हे आपण आपल्या माणसांनाही सुनावले पाहिजे.

त्या वेळी बारबालांच्या बाजूने उभे राहिलेल्या पुरोगाम्यांचा आवेश आठवतो. उपजीविकेचे स्वातंत्र्य, निवडीचे स्वातंत्र्य. शब्द भारदस्त होते. पण या मुलींपैकी अनेक जणी परंपरेने नाचणाऱ्या जमातींमधल्या होत्या. त्यांच्या आज्या ढोलकीच्या बोलावर तासभर एक लावणी फुलवत असत, आणि नातींना मात्र कोणी एक तोडाही शिकवला नाही. चित्रपटातले गाणे लावायचे, अंग हलवायचे आणि उधळलेल्या नोटा गोळा करायच्या. ही निवड आहे, असे म्हणणाऱ्याने डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ पुन्हा वाचावे. बहिणीच्या पायांवर भावाचे घर चालते, तेथे कोणी काय निवडले?

आता आपल्या घरात डोकावू. ‘शृंगार ही पाश्चात्त्यांनी आणलेली घाण’ असे सभेत सांगणारे गृहस्थ आपल्यात कमी नाहीत. भरतमुनींनी आठ रसांची गणना केली, तिचा आरंभच शृंगाराने होतो. शिवाच्या तांडवाबरोबर पार्वतीचे लास्य सांगितले जाते. महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’ हा शेतात, वाटेवर, नदीकाठी वावरणाऱ्या साध्या माणसांच्या प्रेमाचा ग्रंथ, आणि तो सातवाहन राजा हाल याच्या नावावर आहे. शृंगारिक लावण्यांसाठी ज्याचे नाव घेतले जाते, त्याच होनाजीच्या नावावर देवाला जागवणारी भूपाळीही आहे. 1951 मध्ये शांतारामबापूंनी त्यावर ‘अमर भूपाळी’ काढला तेव्हा उभा महाराष्ट्र तो पाहायला लोटला. रामजोशी लावणीकारही होते आणि कीर्तनकारही. या माणसांना दोन्हींत विसंगती वाटली नाही. ती वाटू लागली साहेबाच्या डोळ्यांनी आपण स्वतःकडे पाहू लागलो तेव्हा. 1890 च्या दशकात मद्रास इलाख्यात उभी राहिलेली नाचविरोधी चळवळ हे त्याचे ठळक उदाहरण. तिच्यामागे मिशनऱ्यांचे नीतिशास्त्र होते, आणि ते डोक्यावर घेणारे आपलेच शिकलेले लोक होते.

दक्षिणेने या धक्क्यातून वाट काढली. 1936 मध्येच, म्हणजे बाबासाहेबांचे परळचे भाषण झाले त्याच वर्षी, रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी कलाक्षेत्राची स्थापना केली. दोन पिढ्यांत भरतनाट्यम् सुसंस्कृत घरातील मुलीचे भूषण ठरले. त्यात एक अन्याय झाला, तोही विसरता कामा नये: ज्या घराण्यांनी ती कला जपली त्यांतल्या पुष्कळ जणी बाहेरच राहिल्या. त्याच परंपरेतल्या बालसरस्वती अखेरपर्यंत सांगत राहिल्या की शृंगार धुऊन काढण्याची गोष्ट नाही, तोच या नृत्याचा प्राण आहे.

लावणीला असे कोणी भेटले नाही. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढावा, महाबळेश्वर-पाचगणीवरून खाली उतरावे, की वाई येते. तेथे यमुनाबाई वाईकर राहत होत्या. बालपणी रस्त्यावर नाचून पोट भरलेली ही बाई 2012 मध्ये पद्मश्री झाली आणि 2018 मध्ये शंभरी ओलांडून गेली. बैठकीत एका जागी बसून, केवळ नजर, मान आणि हाताच्या बोटांनी त्या एकाच ओळीचे निरनिराळे अर्थ उलगडत. पहिल्यांदा आर्जव, मग रुसवा, मग टोमणा, मग विरहाची कळ. ही अदाकारी म्हणजे वर्षानुवर्षांची मेहनत आहे. ढोलकीच्या बोलाशी पाय जुळवणे, घुंगरांच्या वजनाची सवय होणे, नऊवारीत चपळाईने फिरणे, बालेघाटीतला विरह आणि छक्कडीतला फटकारा यांतला फरक गळ्याला आणि चेहऱ्याला कळणे, झीलकऱ्यांना कोठे सोडायचे आणि कोठे उचलायचे हे जाणणे. सुलोचनाबाई चव्हाण तर नाचल्याही नाहीत. पदर नीट सावरून गायल्या आणि केवळ शब्दाच्या फेकीने सारे उभे केले. ती फेक त्यांच्याकडून पती श्यामराव चव्हाण यांनी घोटून घेतली होती.

जिला हे येते तिचा आत्मविश्वास वेगळाच असतो. प्रेक्षकाला कोठवर येऊ द्यायचे आणि कोठे अडवायचे, हे ती ठरवते. दौलतजादा करणाऱ्याच्या नोटेपेक्षा तिची एक भिवई वजनदार ठरते. जिला काहीच शिकवलेले नाही तिच्या हाती फक्त देह उरतो, आणि मग समोरचा ठरवतो. 2022-23 मध्ये गावोगावच्या नाचाच्या कार्यक्रमांवरून वाद पेटला, तेव्हा ‘ही लावणी नव्हे’ असे जुन्या कलावंतिणींनीच सांगितले. बाकीच्यांनी चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहून संताप व्यक्त केला.

महाड-पोलादपूरचे गावकरी शृंगाराला अनोळखी नाहीत. गणपतीत मुंबईहून चाकरमानी आला की जाखडीचा फेर धरला जातो, शक्ती-तुऱ्याचे सवाल-जवाब रात्रभर रंगतात, गवळणीत कृष्णाची छेडछाड असते आणि आजीबाई पदराआड हसतात. वीरेश्वराच्या छबिन्याला खालूबाजावर सासनकाठ्या नाचतात. मात्र शाळेच्या स्नेहसंमेलनात आठवीतल्या मुलीने मोबाइलवर पाहून चित्रपटातल्या लावणीवर नाच केला की पालक टाळ्या वाजवतात, आणि तीच मुलगी ‘मला लावणी शिकायची आहे’ म्हणाली की घरात सुतक पडते. भरतनाट्यमच्या वर्गाची फी आनंदाने भरली जाते. लावणीचा वर्ग काढायचे कोणाच्या मनातही येत नाही.

उत्सव मंडळांच्या चालकांना म्हणून थेट विचारतो. डीजेच्या भिंतीसाठी वर्गणीतून जे पैसे मोजता, त्यातून महिनाभरासाठी एक जाणती लावणी कलावंतीण आणि एक ढोलकीवाला गावात का आणवत नाही? त्यांची राहण्याची सोय समाजमंदिरात नको, प्रतिष्ठिताच्या घरी करा. शिकायला येणाऱ्या मुली एकाच आळीतल्या नसाव्यात: कुणब्यांच्या, ब्राह्मणांच्या, मराठ्यांच्या, बौद्धांच्या, सगळ्यांच्या असाव्यात. एका जातीच्या कपाळी लिहिलेला नाच सर्वांच्या मुलींनी हौसेने शिकला, तर जातीची ती खूण पुसली जाईल. मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे. महाडची महाविद्यालये त्याच विद्यापीठाची आहेत. पत्र पाठवायला टपालाचा खर्च किती येतो?

यावर ‘आमच्या मुली आम्ही नाचवणार नाही’ असे उत्तर येईल, याची मला कल्पना आहे. मग दुसऱ्यांच्या मुली नाचताना पहिल्या रांगेतल्या खुर्च्या कोणाच्या असतात, त्यांची नावेही त्याच सभेत वाचून दाखवावीत.