दलाली जागेच्या किमतीवर कशासाठी?



गेल्या वर्षी आम्ही डोंबिवलीतला जुना फ्लॅट विकला आणि ठाण्यात मुलीच्या घराजवळ दुसरा घेतला. विकताना ४८ लाख आले, घेताना ९० लाख गेले. दोन्ही व्यवहारांत एजंट होता आणि दोन्हीकडे दलाली दोन टक्के. म्हणजे विकताना ९६ हजार, घेताना १ लाख ८० हजार. पहिली रक्कम मी समाधानाने दिली. दुसरी आजही सलते.

डोंबिवलीच्या एजंटने जागा पाहायच्या आधी कागद मागितले. शेअर सर्टिफिकेटवर अजून सासऱ्यांचेच नाव होते. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली, तरी नाव चढवायचे राहूनच गेले होते. दोन्ही नणंदांचे हक्कसोडपत्र नोंदवल्याशिवाय गिऱ्हाईक आणणार नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. एक नणंद बडोद्याला असते. तिच्या येण्याच्या तारखा, दुय्यम निबंधक कार्यालयातली वेळ, सोसायटीच्या कमिटीकडचा अर्ज, हे सगळे त्याने चार महिने सांभाळले. तोवर त्याच्या हाती एक रुपयाही पडला नव्हता.

ठाण्यातल्या एजंटने एका दुपारी तीन जागा दाखवल्या. तिसरी आवडली म्हणताच, ‘दुसरी पार्टी उद्या येतेय, आजच टोकन द्या,’ असा तगादा सुरू झाला. मी सहकारी बँकेच्या गृहकर्ज विभागात बावीस वर्षे काढली आहेत. एका गहाळ करारापायी कर्ज अडलेले आणि टोकन बुडालेले लोक मी समोरच्या खुर्चीत रडताना पाहिले आहेत. म्हणून आधी वकील गाठला. त्यांनी तीस वर्षांचा सर्च घेतला, तेव्हा कळले की हा फ्लॅट आजवर तीनदा हातबदल झालेला आहे आणि मधला करारनामा विक्रेत्याकडे नाहीच. शिवाय सोसायटीची थकबाकी. एजंटला विचारले तर म्हणाला, ‘ते तुम्ही दोघांनी बघून घ्या.’ त्या कराराची प्रमाणित प्रत शेवटी आम्हीच खेटे घालून काढली.

आता आकडे पाहा. वकिलांनी आठ हजार घेतले. दस्ताची सरकारी नोंदणी फी ३० हजार झाली, कारण किंमत कितीही असली तरी सरकारनेसुद्धा या फीला ३० हजारांची मर्यादा घातली आहे. आणि ज्याने एक कागदही उघडून पाहिला नाही त्याला १ लाख ८० हजार. विक्रेत्याकडूनही त्याने दोन टक्के घेतले, ते वेगळेच.

दलालीच नको, असे मी म्हणत नाही. किमतीवर टक्का घेण्याला माझा विरोध आहे. ९० लाखांची जागा दाखवायला ४५ लाखांच्या जागेपेक्षा दुप्पट कष्ट पडत नाहीत. भाव चढले की काम तेवढेच राहते आणि दलाली वाढते. शिवाय मी घासाघीस करून भाव खाली आणला की माझ्याच एजंटची कमाई घटते. मग भाव ठरवताना तो माझ्या बाजूने बोलेल, हे मी कशाच्या जोरावर मानायचे?

दहा जणांना जागा दाखवाव्या तेव्हा एक व्यवहार जुळतो, पेट्रोल आणि दुकानाचे भाडे सुटत नाही, हे एजंटांचे म्हणणे खरे आहे. मग जागा दाखवण्याचे पैसे प्रत्येकाकडून तिथल्या तिथे घ्यावेत. नऊ जणांच्या फेऱ्यांचा खर्च दहाव्याच्या माथी मारू नये.

भाड्याच्या घरांचे हाल तर याहून वाईट. पुण्यात नोकरीला लागलेल्या माझ्या भाच्याने २० हजार भाड्याच्या घरासाठी महिन्याभराचे भाडे दलाली म्हणून दिले. अकरा महिन्यांनी त्याच घराचा करार पुन्हा करताना एजंटने आणखी दहा हजार मागितले. त्या कराराचे मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी मिळून दोन हजारही होत नाहीत.

रेरा कायदा २०१६ साली आला. त्याच्या कलम ९ नुसार एजंटला नोंदणी करावी लागते, आणि महारेराने २०२३ मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण व परीक्षाही सक्तीची केली. पण ही नोंदणी महारेरात नोंदलेल्या प्रकल्पांच्या विक्रीपुरती आहे. वीस-तीस वर्षांच्या सोसायटीतली जागा विकणारा आणि भाड्याने देणारा एजंट तिच्या बाहेरच राहतो. कराराची साखळी तुटलेली, वारसांची नावे न चढलेली, थकबाकी साचलेली असते ती याच जुन्या घरांत. जाणकार माणूस जिथे सर्वांत जास्त हवा, तिथेच त्याला कोणी परीक्षा विचारत नाही.

राज्य सरकारने कायदा करून या दोन्ही व्यवहारांतल्या एजंटांना नोंदणी आणि परीक्षा लागू करावी. दलाली किती, त्या बदल्यात कोणते काम आणि समोरच्या बाजूकडून किती घेणार, हे जागा दाखवण्याआधी लेखी देणे बंधनकारक करावे. तोवर वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे: हे तीन प्रश्न स्वतः विचारा आणि उत्तर कागदावर मिळेपर्यंत टोकनचा चेक फाडू नका.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे