खालून पाहताना

मुनिरक्यातल्या आमच्या डीडीए फ्लॅटवरून जुन्या दिल्लीला जायचं तर दोन बस कराव्या लागत. तिथे रेल्वे स्टेशनसमोर दिल्ली पब्लिक लायब्ररी, आणि तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर, लाल किल्ल्यासमोर, लाजपतराय मार्केट. रेडिओ करायला मी या दोन जागांच्या मधल्या रस्त्यावर शिकलो. साल १९७८, इयत्ता आठवी.

युनेस्कोच्या मदतीने १९५१ मध्ये सुरू झालेल्या त्या लायब्ररीत अमेरिकन हौशी रेडिओवाल्यांचं जाडजूड ‘रेडिओ ॲमॅच्युअर्स हँडबुक’ मला सापडलं. शनिवारी दुपारी तिथेच बसून आकृत्या चौकटीच्या वहीत उतरवायच्या. हाताने काढल्याशिवाय सर्किट कळत नाही, हे मला आजही मनापासून वाटतं. रेघ ओढताना प्रत्येक रोध कुठून निघून कुठे टेकतो, ते बोटांना पाठ होतं.

मग वही घेऊन बाजार. पुस्तकात लिहिलेलं १२एएक्स७, दुकानदाराच्या हातात ईसीसी८३. ‘‘एक ही चीज़ है, बेटा,’’ तो म्हणाला. खरंच एकच: अमेरिकेने एक नाव दिलं, युरोपने दुसरं. एका काचेत दोन ट्रायोड. एक लहरी पकडायला, दुसरा आवाज वाढवायला. ट्रान्झिस्टर आल्याने व्हॉल्व्ह स्वस्त झाले होते, माझ्या खाऊच्या पैशांत बसण्याइतके. सोल्डरिंग आयर्नला तिथे ‘कैया’ म्हणत. घरीही माझ्या तोंडी तोच शब्द बसला.

सगळं जोडलं. २५० व्होल्टचं काम म्हणून बाबांची अट होती, वीज चालू असताना डावा हात खिशात. बटण दाबलं. ट्रान्सफॉर्मर घुमला, पण काचेतला तंतू लालसुद्धा झाला नाही. आठवडाभर मी वहीतली प्रत्येक रेघ सर्किटशी ताडून पाहिली. सगळं जुळत होतं. मी रडकुंडीला आलो.

पुढच्या शनिवारी पुन्हा ते पुस्तक उघडलं. व्हॉल्व्हच्या पायांच्या आकृत्यांपाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, की त्या खालून पाहिलेल्या आहेत. चित्र मी उतरवलं होतं, ती ओळ सोडली होती. वरून पाहून पाय मोजल्यामुळे सगळं आरशात पडल्यासारखं उलटं झालं होतं. पहिल्याची तार नवव्याला, चौथ्याची सहाव्याला. फक्त पाचवा आपल्या जागी. तंतूला मिळायचे ६.३ व्होल्ट भलत्याच पायांवर गेले होते आणि प्लेटचा दाब तंतूच्या मधल्या टोकावर. त्या वाटेत एक लाख ओहमचा रोध होता, म्हणून व्हॉल्व्ह वाचला. ती ओळ मी तिथेच लाल पेन्सिलीने वहीत लिहिली.

रात्री तारा उलटवल्या. अर्ध्या मिनिटात काचेत नारिंगी ठिणगीएवढा उजेड दिसला. कानाला हेडफोन लावून मी प्रतिपोषणाची कॉइल हळूहळू जवळ आणली. ही १९१२ च्या सुमाराची आर्मस्ट्राँगची युक्ती: वाढलेल्या लहरीतला थोडा भाग पुन्हा ग्रिडकडे पाठवायचा, म्हणजे एकाच व्हॉल्व्हकडून कितीतरी पट काम होतं. जरा जास्त झालं की शीळ घुमते, आणि ती एरिअलमधून बाहेरही जाते. शेजारच्या काकूंनी दार ठोठावलं, त्यांचा रेडिओ किंचाळत होता. कॉइल केसभर मागे घेतली, शीळ विरली, आणि ८१९ किलोहर्ट्झवरून दिल्ली केंद्राची सतार आली. इतकी स्वच्छ, की मिझराबचा टोलही ऐकू यावा.

बाबांना उठवलं. त्यांनी हेडफोन बराच वेळ काढला नाही. आकाशवाणीच्या मराठी बातम्या तेव्हा आमच्याच शहरात, संसद मार्गावर वाचल्या जात, आणि महाराष्ट्रातली केंद्रं त्या सहक्षेपित करत. आमच्या घरातल्या एका बँडच्या ट्रान्झिस्टरवर मात्र त्या लागत नसत.

‘‘मराठी बातम्या लागतील का रे यावर?’’ बाबांनी विचारलं.

त्यासाठी शॉर्टवेव्ह हवी, म्हणजे कॉइलचे वेढे कमी हवेत. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. मी पुठ्ठ्याची दुसरी नळी शोधली आणि वही पुन्हा उघडली.