हाताखाली शिकण्याचे मोल

एखादा कर्मचारी सेवानिवृत्त होतो त्या दिवशी कार्यालयात काय घडते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. शाल, श्रीफळ, चार भाषणे, फराळाच्या बशा. आणि त्याआधी सही-शिक्क्यानिशी तयार झालेला कार्यभार हस्तांतरणाचा कागद. कपाटाच्या किल्ल्या, नोंदवह्या, जडवस्तू, प्रलंबित प्रकरणांची यादी या सर्वांचा त्यात उल्लेख असतो. उल्लेख नसतो तो त्या माणसाने तीस-पस्तीस वर्षांत कमावलेल्या कामाच्या जाणकारीचा. कोणती संचिका कोठे अडते, कोणत्या नियमाला कोणते जुने परिपत्रक जोडून वाचावयाचे, दारी आलेल्या अर्जदाराच्या बोलण्यातले नेमके काय टिपून घ्यावयाचे, हे ज्ञान त्याच्याबरोबर घरी जाते. सार्वजनिक पैशाने घडलेली ही मालमत्ता कोणत्याही ताळेबंदात दाखविलेली नसल्यामुळे ती गेल्याची हळहळही कोणास वाटत नाही.

या दुर्लक्षित प्रश्नाचे उत्तम चित्रण एका थोडक्या खर्चाच्या चित्रपटात आढळते. रितेश बत्रा यांनी दिग्दर्शित केलेला ‘द लंचबॉक्स’ २०१३ साली कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात दाखविला गेला आणि त्याच वर्षी भारतात प्रदर्शित झाला. नृत्यांचा थाट नाही, भव्य देखावे नाहीत. मुंबईची लोकल गाडी, एक सरकारी कचेरी, दोन-तीन घरे आणि डबेवाल्यांची धावपळ एवढ्याच भांडवलावर तो उभा आहे. चुकीच्या मेजावर पोहोचलेला डबा आणि त्यातून इला नावाची गृहिणी व एक विधुर कारकून यांच्यात सुरू झालेला पत्रव्यवहार, याचीच चर्चा त्या वेळी अधिक झाली. ती होणे स्वाभाविक होते. परंतु नोकरदार प्रेक्षकाला विचार करावयास लावणारी दुसरी एक कथा त्याच चित्रपटात आहे, आणि ती त्या कचेरीत घडते.

दोन मेजांमधील अंतर

दिवंगत अभिनेते इरफान खान यांनी साकारलेले साजन फर्नांडिस हे दाव्यांची प्रकरणे तपासणाऱ्या विभागात पस्तीस वर्षे काम केलेले कारकून आहेत. त्यांची निवृत्ती महिन्यावर आली आहे. त्यांच्या जागी नेमलेला शेख हा तरुण (नवाजुद्दीन सिद्दीकी) काम शिकून घेण्यासाठी त्यांच्यापुढे उभा राहतो. तो अनाथ आहे, सौदी अरेबियात काम केल्याचे सांगतो, वाजवीपेक्षा अधिक नम्र आहे. फर्नांडिस त्याला टाळतात. आत्ता नको, जेवणानंतर या, असे सांगून ते वेळेला जागेवर सापडतच नाहीत. ते दुष्ट नाहीत. मात्र ज्याला शिकवावयाचे तो आपल्या जाण्याचीच सूचना घेऊन आला आहे, हे त्यांना कळते.

पुढे डब्यातले चार घास वाटून घेताना दोघांतील अंतर कमी होते. शेखच्या कामात ढोबळ चुका निघतात, लोकलमध्ये संचिकांवर भाजी चिरून तो घरी जातो हेही उघडकीस येते, आणि नोकरी जाण्याची वेळ येते तेव्हा फर्नांडिस त्या चुकांचा दोष स्वतःच्या माथी घेतात. पस्तीस वर्षांची निष्कलंक सेवा ते त्या क्षणी नवख्याच्या पाठीशी उभी करतात. शेखच्या लग्नात वरपक्षाकडून वडीलधारे म्हणून तेच उभे राहतात. अखेरीस ते मेज शेखकडे येते.

याच चित्रपटात शिकविण्याचा दुसरा एक प्रवाह वाहतो. इलाच्या वरच्या मजल्यावर देशपांडे काकू राहतात. त्या पडद्यावर कधीच दिसत नाहीत. भारती आचरेकर यांचा केवळ आवाज खिडकीतून ऐकू येतो, आणि दोरीला बांधलेल्या टोपलीतून मसाला खाली उतरतो. कोणत्या भाजीला काय घालावे हे ज्ञान काकू न मागता देतात. एकाच शहरात एक वडीलधारी बाई विद्या खिडकीतून खाली सोडते आणि एक वडीलधारा कारकून ती छातीशी धरून बसतो, याचे कारण स्वभावात शोधणे फसवे ठरेल. इला निष्णात झाली म्हणून काकूंचे स्वयंपाकघर त्यांच्या हातून जात नाही. शेख निष्णात झाला की फर्नांडिस यांची खुर्ची मात्र जाते. शिकविल्याने ज्याचे काही जात नाही तो सहज शिकवितो, आणि ज्याचे जाते त्याला तसे करण्यास काही कारण द्यावे लागते. चित्रपटात ते कारण स्नेहाने पुरविले. सर्व कचेऱ्यांनी अशा स्नेहाची वाट पाहावी काय, हा खरा प्रश्न आहे.

अर्थशास्त्राची साक्ष

या प्रश्नाचा विचार अर्थशास्त्रात जुना आहे. ॲडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात प्रदीर्घ उमेदवारीच्या पद्धतीवर कठोर टीका केली होती. व्यवसाय शिकण्यास इतकी वर्षे लागत नाहीत. ती लांबण लावण्यामागे नव्या स्पर्धकांना बाहेर ठेवण्याचा कारागीर-संघांचा हेतू असतो, हे त्याचे म्हणणे होते. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये मानवी भांडवलासंबंधी ग्रंथ लिहिला, त्यात त्याने दोन प्रकारच्या शिक्षणांत भेद केला: कोठेही उपयोगी पडणारे सामान्य शिक्षण आणि एकाच आस्थापनेत उपयोगी पडणारे विशेष शिक्षण. पहिल्याचा खर्च मुख्यतः शिकणारा सोसतो. दुसऱ्याचा भार आस्थापनेने उचलणे प्राप्त असते, कारण त्याचा लाभही मुख्यतः तिलाच मिळतो. फर्नांडिस यांच्याकडील विद्या ही बव्हंशी दुसऱ्या प्रकारची होती. आस्थापनेने खर्च करावयाचा तो हाच: शिकविणाऱ्याचा वेळ आणि दोघे एकत्र असण्याचा काळ.

प्रत्यक्षात या दोहोंचीच काटकसर होते. चित्रपटातील शेखला निदान महिनाभर जुन्या माणसाशेजारी बसावयास मिळाले. कित्येक कार्यालयांत जुना माणूस जातो, जागा रिक्त राहते, तिचा कार्यभार शेजारच्या मेजावर अतिरिक्त म्हणून पडतो, आणि दीर्घ काळानंतर नवा माणूस येतो तेव्हा विचारावयास कोणीच नसते. रिक्त पदावरील वेतन वाचले, हे अंदाजपत्रकात दिसते. चुकलेली टिपणी, परत आलेले देयक, एका सहीसाठी तालुक्याच्या गावी पुन्हा पुन्हा खेटे घालणारा शेतकरी, फेरफाराची लांबलेली नोंद, हा खर्च कोणाच्याच लेख्यात येत नाही, कारण तो सरकार सोसत नसून जनता सोसते.

शिक्षणक्षेत्रही याला अपवाद नाही. राज्यात शिक्षणसेवक पद्धती आल्यावर पहिली तीन वर्षे ठराविक मानधनावर काढण्याचा प्रघात पडला. तो शिकाऊ काळ मानावयाचा, तर त्या काळात नवख्याचा हात धरणाऱ्या ज्येष्ठ शिक्षकाची नेमणूक आणि त्यासाठी त्याच्या तासिकांत सूट, या गोष्टी त्याच आग्रहाने व्हावयास हव्या होत्या. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर येणारा अध्यापक तर तास संपताच दुसऱ्या महाविद्यालयाची गाडी धरतो. त्याने ज्येष्ठांच्या शेजारी बसावयाचे कधी?

मागावरचा हिशेब

सोलापूर जिल्ह्याला ही गोष्ट पुस्तकातून समजून घेण्याची गरज नाही. सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत यंत्रमागांची घरघर चालते. ज्या चादरीमुळे या शहराचे नाव भौगोलिक मानांकनाच्या नोंदीत गेले, ती विणणाऱ्याने माग चालविण्याचे शिक्षण शाळेत घेतलेले नसते. तुटलेला धागा सांधणे, माग बिघडण्यापूर्वी बदलणारा त्याचा आवाज ओळखणे, हे तो कोणाच्या तरी हाताखाली शिकतो. परंतु जेथे मजुरी नगावर मिळते तेथे नवख्याला दाखविण्यात घालविलेला प्रत्येक तास जुन्या कामगाराच्या मजुरीतून वजा होतो. अशा वेळी तो शिकवितो तो नात्यागोत्यातल्या मुलाला. बाहेरच्याला दार बंद राहते, आणि या बंद दारामागे आपल्या समाजात पुष्कळदा जात उभी असते, हे विसरून चालणार नाही.

कापड गिरण्यांच्या काळी हे काम जॉबर करीत असे. कामगार आणणे, त्याला मागावर उभे करणे, त्याच्यावर देखरेख ठेवणे, सारे त्याच्याच हाती. या कामाचा मोबदला तो नवागताकडून दस्तुरीच्या रूपाने उकळीत असे. भारतातील श्रमस्थितीची पाहणी करणाऱ्या शाही आयोगाने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर ठपका ठेवला होता. जॉबरची सत्ता पुढे ओसरली ती योग्यच झाले. मात्र त्याच्याकडे असलेले शिकविण्याचे काम कोणाकडे सोपवावयाचे, याचा निर्णय नीटसा झालाच नाही.

म्हणूनच जुन्या उस्ताद-शागीर्द पद्धतीचे सरसकट गुणगान करणे योग्य नव्हे. गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे पाने पुसत बसणारा पोऱ्या आपल्या सर्वांच्या पाहण्यातला आहे. शिकविण्याच्या नावाखाली फुकट राबवून घेणे ही त्या पद्धतीची काळी बाजू होती, आणि एकलव्याचा अंगठा मागणारा गुरू आपल्याच परंपरेतला आहे. स्मिथची टीका येथे आजही लागू पडते. यावर उपाय म्हणून कायद्याचा आधार आला. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा, २०१६ ची राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना, आणि २०२४ ची राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना हे त्यातील टप्पे होत. २०१६ च्या योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा १,५०० रुपयांच्या मर्यादेत, केंद्राने उचलण्याची तरतूद झाली. २०२४ च्या योजनेत बारावी उत्तीर्णास दरमहा ६,०००, आयटीआय वा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन ठरले.

शिकणाऱ्याच्या हाती पैसा पडला, मालकाचा भार हलका झाला. हे स्वागतार्हच आहे. परंतु या व्यवहारातील तिसरा माणूस, प्रत्यक्ष शिकविणारा, या आकड्यांत कोठेच नाही. त्याने आपले काम सांभाळून, आपला वेळ मोडून, प्रसंगी आपल्याच जागेवरचा दावेदार घडवावयाचा, आणि तेही केवळ सद्भावनेने! जर्मनीत, जेथील उमेदवारीच्या शिक्षणाचे गोडवे आपले धोरणकर्ते नेहमी गातात, तेथे कारखान्यात शिकविणाऱ्यास आपली शिकविण्याची पात्रता वेगळी सिद्ध करावी लागते. त्यासंबंधीचा नियम प्रथम १९७२ साली झाला. शिकविणे हे स्वतंत्र काम आहे, हे तेथे मान्य झाले आहे. आपण विद्यावेतन उचलले आणि शिकविणारा वगळला.

गुरूच्या गावी

अक्कलकोटमध्ये या विषयाला विशेष औचित्य आहे. १८७८ साली स्वामी समर्थांनी जेथे देह ठेवला त्या या गावी ‘गुरू’ हा शब्द रोज हजारो मुखांतून उमटतो आणि गुरुपौर्णिमेला रस्ते फुलून जातात. येथे १९८८ पासून चालणाऱ्या अन्नछत्रात भाविकांच्या पंगती उठतात. इतक्या पानांना किती तांदूळ, किती डाळ, फोडणीला किती मोहरी, हा अंदाज अशा मोठ्या पाकशाळेत कागदावरून येत नाही. तो जुन्या हाताशेजारी उभे राहूनच येतो. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत व्यवहार करणाऱ्या या सीमेवरच्या तालुक्यातील कचेऱ्यांत तर आणखी एक विद्या लागते: कन्नडभाषक अर्जदाराचे गाऱ्हाणे ऐकून त्याचा नेमका अर्थ मराठी अर्जात उतरविणे. परजिल्ह्यातून बदलून आलेला तरुण कारकून ही विद्या कोणाकडून घेणार? जुन्या माणसाकडूनच, आणि तो खुर्चीवर असेतोवरच.

करावयाचे ते अवघड नाही. निवृत्तीचा दिनांक नोकरीस लागतो त्या दिवशीच ठाऊक असतो. म्हणून उत्तराधिकारी किमान तीन महिने आधी नेमणे ही केवळ नियोजनाची बाब आहे. त्या काळाचे दुहेरी वेतन हा अपव्यय नसून भांडवली खर्च समजावा. निवृत्त होणाऱ्याच्या नेहमीच्या कामात त्या तीन महिन्यांत कपात करावी आणि शिकविणे हे त्याचे अधिकृत काम ठरवावे. यंत्रमागासारख्या नगावरच्या धंद्यांत विद्यावेतनाबरोबरच शिकविणाऱ्या कामगारालाही त्याच्या बुडालेल्या मजुरीइतका भत्ता मिळावा. आणि तो देताना नवखा नात्याबाहेरचा, जातीबाहेरचा असेल तर अधिक उदार असावे. उमेदवारीची मुदत आणि शिकावयाच्या कामांची यादी लेखी असावी, म्हणजे शिकण्याच्या नावाखाली कोणी राबविला जाणार नाही.

यावर आक्षेप येईल की, कामाची जाण अशी नियमांनी हस्तांतरित होत नसते. त्याला आपुलकी लागते. हे खरे आहे. फर्नांडिस यांनी शेखसाठी जे केले ते कोणत्याही सेवाशर्तीत बसविता येणार नाही. परंतु ते घडले याचे कारण दोघे महिनाभर शेजारी बसले आणि एका डब्यातून जेवले. आपुलकी नियमाने निर्माण करता येत नाही. तिला लागणारा वेळ आणि शेजार मात्र नियमाने देता येतो. तेवढे देण्याचीही तयारी नसेल, तर निरोपसमारंभात जाणाऱ्याच्या अनुभवाचे गोडवे गाण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.