साखळी तपासतात, मग शिकवणी का नको?

कारखान्यातल्या क्रेनची साखळी वर्षातून एकदा आणि लिफ्ट सहा महिन्यांतून एकदा तपासलीच पाहिजे, असे कारखाना अधिनियमाने बजावून ठेवले. तपासणारी व्यक्ती 'सक्षम' आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकारही मालकाला न देता मुख्य निरीक्षकाला दिला. हे योग्यच झाले. पण त्या क्रेनला भार अडकवणाऱ्या रिगरचे काय? त्याला मालकानेच शिकवायचे, मालकानेच पारखायचे आणि 'प्रशिक्षण दिले' म्हणून हजेरीपटावर सहीही मालकानेच घ्यायची. कारखान्यांच्या अंतर्गत सुरक्षा अभ्यासक्रमांना बाहेरच्या स्वतंत्र संस्थेची मान्यता असली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे ते या विसंगतीमुळे.

या मागणीवर पहिला आक्षेप येतो तो अनुभवी सेफ्टी ऑफिसरांकडून, म्हणून तो आदराने ऐकला पाहिजे. ते म्हणतात, आमच्या प्लांटमधला कुठला व्हॉल्व्ह अडतो, कुठल्या पाइपलाइनमध्ये काय वाहते, हे बाहेरच्या माणसाला काय ठाऊक? हे खरे आहे. म्हणूनच शिकवणारा घरचाच असावा आणि अभ्यासक्रमही त्याच प्लांटचा असावा. मान्यता देणाऱ्याने शिकवायला यायचेच नाही. अभ्यासक्रमात काय आहे, शिकवणाऱ्याची पात्रता काय आणि शिकलेल्याला खरोखर येते का, एवढेच त्याने पाहायचे. मान्यता म्हणजे शिकवणे बाहेरच्यांच्या हाती देणे, असे समजून घेतलेला हा आक्षेप मूळ मागणीला लागूच पडत नाही.

दुसरा आक्षेप कायद्याचा. प्रशिक्षण सक्तीचे आहेच, मग वर आणखी मान्यता कशाला? इथे भोपाळच्या वायुदुर्घटनेकडे पाहावे लागते. 1987 च्या दुरुस्तीने अधिनियमात कलम 111-अ आले आणि कामगाराला प्रशिक्षणाचा हक्क मिळाला. शक्य तिथे कारखान्यातच प्रशिक्षण द्यावे, नाहीतर मुख्य निरीक्षकाने मान्य केलेल्या संस्थेत पाठवावे, अशी त्याची रचना होती. म्हणजे बाहेरच्या संस्थेला मान्यतेची अट घातली आणि कारखान्यातला वर्ग मोकळा सोडला. भोपाळने शिकवले होते ते याच्या उलट. मे 1982 मध्ये युनियन कार्बाइडच्या अमेरिकेतल्या मूळ कंपनीचे पथक भोपाळचा कारखाना पाहून गेले होते. सुरक्षित कामाची पुरेशी समज येण्याआधीच ऑपरेटरांना स्वतंत्रपणे कामावर सोडले जाते, ही चिंता त्या पथकाने अहवालात नोंदवली होती. तपासणारे कंपनीचे, अहवाल कंपनीचा, त्यावर काय करायचे हे ठरवणारेही कंपनीचेच. 1984 च्या 2 डिसेंबरच्या रात्री जे घडले त्याची कारणे अनेक होती, त्याचे सारे खापर प्रशिक्षणावर फोडणे चूक ठरेल. पण शिकवण्यातली उणीव अडीच वर्षे आधी कागदावर आली होती आणि ती दूर करायला लावणारे बाहेरचे कोणी नव्हते, हे विसरता येत नाही. आता त्या अधिनियमाची जागा 2020 च्या संहितेने घेतली आहे. ती जुनी फट नव्या नियमांत पुन्हा राहता कामा नये.

आमच्याकडे आयएसओ 45001 आहे, असेही सांगितले जाते. ते प्रमाणपत्र व्यवस्थेचे असते. कंपनीकडे प्रशिक्षणाची पद्धत आहे, एवढे त्यातून कळते. रात्रपाळीच्या हेल्परला ती कळली का, हे त्यातून कळत नाही.

प्रमाणपत्रांचा बाजार मांडला जाईल, ही भीती मात्र खोटी नाही. पैसे टाकले की कागद हातात, असे प्रकार सर्वांनी पाहिले आहेत. पण त्यावर उपाय परीक्षा कडक करण्याचा आहे, ती टाळण्याचा नाही. बॉयलर अटेंडंटची परीक्षा मालक घेत नाही. कोळसा खाणीतल्या सरदाराचे आणि ओव्हरमनचे प्रमाणपत्रही खाण कंपनी देत नाही. यामुळे कारखाने बंद पडले नाहीत, खाणीही थांबल्या नाहीत. आखातात तर रिगरला किंवा क्रेन ऑपरेटरला त्रयस्थ संस्थेचे प्रमाणपत्र सर्रास मागतात. आपलीच माणसे तिथे ते मिळवून काम करतात.

परीक्षा कशी असावी? कन्फाइन्ड स्पेसचेच घ्या. टाकीत एक जण बेशुद्ध पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही पडतो. असे मृत्यू आपल्याकडे पुन्हा पुन्हा होतात, आणि मरणारा अनेकदा मदतीला धावलेला भला माणूस असतो. त्याला वर्गात इंग्रजी स्लाइड दाखवून काही साधत नाही. बाहेरच्या परीक्षकाने त्याच्या हातात गॅस मीटर द्यावा. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली दिसला तर तो काय करतो, हार्नेस कसा घालतो, आतल्या सोबत्याची हाक बंद झाल्यावर स्वतः उतरतो की आधी मदत बोलावतो, हे पाहावे. हे सारे मराठीत, हिंदीत, गरज पडली तर ओडियात किंवा भोजपुरीत. उत्तर हातांनी द्यायचे आहे. ज्याला वाचता येत नाही तोही ही परीक्षा पास होऊ शकतो, आणि व्हायलाच हवा.

उरला खर्चाचा प्रश्न. पंचवीस माणसांच्या युनिटला एकट्याने हे झेपणार नाही, हे मान्य. पण ठाणे-बेलापूर पट्ट्यात आगीच्या वेळी एकमेकांच्या मदतीला जाण्यासाठी कारखान्यांनी 'मार्ग' ही व्यवस्था उभारली, तसाच एका वसाहतीचा एक मान्यताप्राप्त अभ्यासक्रम का नको? सायनची सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट आणि बेलापूरची राष्ट्रीय सुरक्षा परिषद आपल्याच दाराशी आहेत.

याचा सर्वांत मोठा लाभ कंत्राटी कामगाराला होईल. आज तो तळोज्याला, उद्या महाडला, परवा कुरकुंभला. प्रत्येक गेटवर तोच अर्ध्या तासाचा इंडक्शन आणि तीच सही. एका ठिकाणचे शिक्षण दुसरीकडे कोणी मानत नाही. मान्यताप्राप्त परीक्षेचे कार्ड त्याच्या नावावर, त्याच्या खिशात राहील. प्लांटपुरते वेगळे काय ते नव्या ठिकाणी शिकवावे.

म्हणून कामगार संघटनांना विनंती आहे, पुढच्या वेतनकराराच्या मागणीपत्रात हे कलम घाला: सुरक्षा अभ्यासक्रमाला बाहेरची मान्यता, परीक्षा कामगाराच्या भाषेत, आणि कंत्राटदाराच्या माणसालाही तीच परीक्षा, भरपगारी वेळेत.